दुसऱ्या सायकलीची घंटी

छत्रपती संभाजीनगरहून गोव्यातील राशोलपर्यंत सायकलीने जावे, असे आम्ही चौघा मित्रांनी ठरविले आहे. अद्याप निघालेलो नाही. येत्या १९ नोव्हेंबरला पहाटे निघावे, २ डिसेंबरच्या सायंकाळी जुन्या गोव्यात पोहोचावे, ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाच्या मिस्सेला उपस्थित राहावे आणि दुसऱ्या दिवशी राशोल गाठावे, असा बेत आहे. त्यासाठी गेले पाच महिने दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारातील कडुनिंबाखाली आमची बैठक भरते. धर्मग्रामातील मंडळींना ही बैठक आता परिचयाची झाली आहे. कुणाला कौतुक वाटते, कुणाला हसू येते. "बसने गेलात तर एका रात्रीत पोहोचाल की," असे एका वयोवृद्ध बाईंनी आम्हाला सुचविले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यांना उत्तर द्यावे म्हणून नव्हे, तर प्रवासाची आखणी करता करता जे उमगत गेले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आम्हा चौघांची वये ५४ ते ६३ च्या दरम्यान आहेत. एक मित्र माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. त्यांना आम्हीही 'सर'च म्हणतो. दुसऱ्याने वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षे फिटर म्हणून काम केले. तिसरा गंगापूर तालुक्यातला शेतकरी. बाजार आणि मिस्सा या दोन कारणांसाठी तो शहरात येतो. चौथ्याच्या, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्या, वाट्याला हिशेबाची व टिपणांची वही आली. चाळीसहून अधिक वर्षांची ही मैत्री आहे. एकमेकांच्या लग्नांत आम्ही वाढप केले, आणि एकमेकांच्या आईवडिलांना खांदाही दिला. तथापि सलग चौदा दिवस आणि चौदा रात्री चौघे एकत्र कधीच राहिलो नव्हतो.

सायकल आमच्या पिढीला नवी नाही. आमच्या लहानपणीचे औरंगाबाद जसे दरवाजांचे शहर होते, तसे ते सायकलींचेही होते. तासावर भाड्याने सायकल मिळे. पाय पुरत नसत म्हणून नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत आम्ही शिकलो, आणि गुडघे फोडून घेतले. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, भोवताली इतर उद्योग वाढले, आणि पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येऊ लागला. दिवसभर दुचाकीचे भाग घडविणारे हात संध्याकाळी सायकलीचे हँडल धरून घरी परतत. पुढे त्याच कामगारांच्या दारात स्कूटर आल्या, आणि सायकल जिन्याखाली गेली. आज आमच्या शहराजवळून नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. जून २०२५ मध्ये तो संपूर्ण खुला झाला. त्यावर सायकलीला प्रवेश नाही. वेगवान वाहनांच्या त्या रस्त्यावर प्रवेश नसावा हे योग्यच. परंतु आमची वाटही सुमारे तेवढ्याच लांबीची आहे, आणि तिला अजून कुणाची मनाई नाही, याचे आम्हाला समाधान वाटते.

शेतकरी मित्राच्या वडिलांची आठवण येथे सांगणे अगत्याचे आहे. ते धर्मशिक्षक होते. वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर जाण्यासाठी मिशनने त्यांना एक सायकल दिली होती. उन्हाळ्यात ती सायकल त्यांना वाहून नेई. पावसाळ्यात ते सायकलीला वाहून नेत, कारण आमच्याकडची काळी माती एकदा चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरली की चाक फिरतच नाही. सायकल खांद्यावर आणि चपला हातात, अशा थाटात ते रात्री घरी येत. मित्राने तीच सायकल दुरुस्त करून या प्रवासाला काढावी, असा त्याचा हट्ट होता. फिटर मित्राने ती उलटी करून, चाक फिरवून, आऱ्यांवर नखाने टिचक्या मारून पाहिल्या आणि सांगितले, "भिंतीवर टांग, पूजा कर, पण घाटात नेऊ नको." तेवढ्यापुरता प्रश्न मिटला.

आता राशोलच का, हे सांगितले पाहिजे. आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव सांगावे लागत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, तेथील लोकांची भाषा शिकला आणि तिच्यात जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचून गेला. ते १६१६ साली राशोलला, रोमन लिपीत छापले गेले. दुसऱ्या टोकाला आमच्या शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर नेवासे आहे. तेथे १२९० साली ज्ञानेश्वरांनी 'ज्ञानेश्वरी' सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात तो पैस खांब आजही तेथे आहे. नेवाशाहून राशोलपर्यंत ओवी सव्वातीनशे वर्षांत पोहोचली. ती कोणत्या वाटेने गेली हे पंडितांनी शोधावे. आपण निदान त्या दोन गावांमधले अंतर आपल्या पायांनी मोजावे, ही कल्पना सरांची. पहिला मुक्काम नेवासे फाट्यावर आणि शेवटचा राशोलला, एवढे त्याच दिवशी ठरले. बाकी सारे नंतर अनेकदा बदलले.

पहिला आराखडा सरांनी एका पानावर केला. एकूण अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास, दिवस आठ. म्हणजे रोजचे ८७-८८ किलोमीटर. ताशी १५ किलोमीटर वेग धरला तर रोज सहा तासांची सायकल. सकाळी चार तास, दुपारी विश्रांती, नंतर दोन तास. पान इतके नेटके होते की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. शेतकरी मित्रालाही आठच दिवस सोयीचे होते, कारण नोव्हेंबर हा रब्बीचा महिना. हरभरा वर आलेला असतो, गव्हाची पेरणी आटोपत आलेली असते, आणि गव्हाला पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी द्यायचे पहिले पाणी चुकवून चालत नाही. आठ दिवस पुतण्यावर सोपविता येतील, त्याहून अधिक नाही, असे तो म्हणाला.

त्या रविवारी बैठक फिटर मित्राच्या घरी होती. त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसविलेला आहे. सरांनी आराखडा वाचून दाखविला, तेव्हा सर्वांत उत्साहाने मान डोलावीत होता तो तोच. तरुणपणी आमच्यात सर्वांत वेगवान तो होता. दौलताबादचा चढ न उतरता चढून जाई आणि वर जाऊन आमची वाट पाही. वहिनी चहा घेऊन आल्या, कप ठेवले आणि तो कागद हातात घेऊन उभ्या उभ्याच वाचू लागल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, कागद चांगला झालाय. पण एक विचारते. पाचव्या दिवशी कुठं चढावर यांना दम लागला, तर तिघं पुढं जाणार की चौघं थांबणार? ते कुठं लिहिलंय का?"

मित्र हसून म्हणाला, "त्यात काय एवढं? मी बसने मागून येईन. यांनी व्हावं पुढं."

"तुम्ही बसने याल, हे मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "हे तिघं काय करतील, ते विचारते आहे."

चहा निवून गेला. त्या दिवशी कुणाकडेच उत्तर नव्हते, आणि पुढले तीन रविवार आमच्या बैठकीचा हा एकच विषय होता. मित्राने दुसऱ्याच दिवशी सरांना निरोप पाठविला की, माझे नाव कमी करा, मी तुम्हाला निरोप द्यायला क्रांती चौकापर्यंत येईन. त्याच्या मुलाने सुट्टी काढून मागे जीप आणण्याची तयारी दाखविली. शेतकरी मित्राने स्पष्टच सांगितले की, दिवस वाढले तर त्यालाच जमणार नाही. म्हणजे अंतर आहे तेवढेच राहिले, तरी एकासाठी दिवस वाढवावेत तर दुसरा गळतो आणि दुसऱ्यासाठी ते कमी ठेवावेत तर पहिला. नकाशावर याचे उत्तर सापडण्यासारखे नव्हते.

याच सुमारास सरांनी एक जुनी हकीकत आणून वाचून दाखविली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या प्रवासाला निघाले. इराणची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करीत सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून ते १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परतले. परंतु परतले ते तिघेच: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा. उरलेल्यांपैकी एक तेहरानहूनच माघारी फिरला होता, आणि एकाने अमेरिकेतच घर केले. साडेचार वर्षांचा प्रवास, तोही त्या काळच्या जड सायकलींवरून आणि जेथे रस्ता नाही तेथून. त्या तिघांचे धैर्य वंदनीयच आहे. अर्ध्यावर थांबलेल्यांना कमी लेखण्याचेही कारण नाही. जगाची प्रदक्षिणा हेच ज्यांचे ध्येय होते, त्यांना ती पुरी करणे भाग होते. वाचून झाल्यावर सरांनी पुस्तक मिटले आणि विचारले, "आपले ध्येय कोणते? राशोल, की चौघांनी राशोल?" शेतकरी मित्र काहीच बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र तो आला तोच सांगत की, पुतण्याशी बोलणे झाले आहे. गहू यंदा निम्म्याच रानात, बाकीच्यात हरभरा, आणि पहिले पाणी पुतण्या देईल. "एका वर्षी थोडा कमी पिकला तर चालेल," असे तो म्हणाला. त्याच्या घरची स्थिती ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्याचे मोल कळेल.

नंतर आम्ही चौघेही डॉक्टरांकडे गेलो. एकाची तपासणी व्हायची होती, पण चौघांनी ऐकावे असे डॉक्टरांचेच म्हणणे पडले. पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढण्याची चाचणी झाली. औषधे न चुकविणे, थंडीत पहाटे शरीर तापल्याशिवाय जोर न लावणे, छातीत जराही अस्वस्थ वाटल्यास ते न लपविणे, अशा अटींवर परवानगी मिळाली. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यामुळे पडल्यास रक्त लवकर थांबत नाही, म्हणून हेल्मेट आणि जखम बांधण्याचे साहित्य अनिवार्य ठरले. वेगाविषयी विचारता डॉक्टरांनी ताशी किलोमीटरचा आकडा सांगितलाच नाही. ते म्हणाले, सायकल चालविताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. वाक्य मध्ये तुटू लागले की वेग कमी करा, आणि शब्द तुटू लागले की उतरा.

बाहेर आल्यावर शेतकरी मित्र म्हणाला की, आपली आई दळताना हेच करीत असे. जात्याचा खुंटा ओढताना ओवी तुटली की दळण जड चालले आहे हे तिला कळे, आणि ती हात सैल सोडी. साडेतीन चरणांची ओवी ही श्वासाच्या मापाची आहे, हे आम्ही शाळेत शिकलो नव्हतो. ती श्रमाबरोबर म्हणता येते, म्हणून आमच्या आयाबहिणींना ती जवळची वाटली. आणि गोव्यातील साध्या भाविकांच्या ओठी बसावे म्हणूनच कदाचित फादर स्टीफन्स यांनीही तिची निवड केली असेल. ते काही असो. वेगाचे माप आम्हाला मिळाले. सरांनी जुने पान फाडले नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नवा आराखडा केला. दिवस चौदा. दोन रविवार पूर्ण विश्रांतीचे. जेथे रविवार येईल तेथील चर्चमध्ये मिस्सा. उरलेल्या बारा दिवसांत रोजचे सरासरी ५५ ते ६० किलोमीटर.

दिवस वाढताच वाटही बदलता आली. पुण्यावरून जाणारा मोठा रस्ता सरळ खरा. पण त्यावर पुण्याची गर्दी आणि पुढे कात्रज व खंबाटकी हे दोन घाट. त्याऐवजी नेवासे फाटा, अहिल्यानगर, काष्टीवरून दौंड, बारामती, फलटण आणि सातारा, अशी आतली वाट आम्ही पत्करली. साताऱ्याहून कऱ्हाड, कोल्हापूर, गारगोटी, आजरा; मग आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, बांदा आणि गोवा. मुक्कामाची गावे निवडताना आधी धर्मशाळा आणि लॉज पाहिले जात होते. आता प्रथम रुग्णालय पाहिले जाते. जेथे रात्री दार वाजविल्यावर डॉक्टर भेटेल, तेथेच मुक्काम. मागे जीप आणण्याचा प्रस्ताव यामुळे मागे पडला, आणि तो मागे पडला याचा मित्राला झालेला आनंद लपला नाही.

ऋतूही अनुकूल आहे. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर वारा बहुधा पूर्वेकडून आणि ईशान्येकडून वाहतो. आमचे तोंड नैर्ऋत्येला. म्हणजे वारा बराचसा पाठीशी राहील. सायकलस्वाराला चढापेक्षाही समोरचा वारा थकवितो, कारण चढ केव्हातरी संपतो. दिवसाचा उजेड त्या सुमारास जवळपास अकरा तासांचा असतो. आंबोलीला पावसाळ्यात पाऊस थांबत नाही. डिसेंबरात मात्र रस्ता कोरडा मिळेल. चढापेक्षा तेथील उताराची आम्हाला अधिक काळजी आहे. ब्रेक सतत दाबून धरले तर चाकाची कड तापते, म्हणून दर दोन-तीन किलोमीटरला थांबून, हात लावून पाहून मग पुढे जायचे, असा फिटर मित्राचा दंडक आहे.

वहीतील सर्वांत उपयोगी पान मात्र आमच्यापैकी कुणाचे नाही. एका रविवारी कडुनिंबाखाली नकाशा पसरलेला असताना आपल्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ तेथे थांबले. दरवर्षी दिवाळीनंतर ते पत्नीसह ऊसतोडीला जातात. त्यांच्या व्यवसायात नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. कधी सातारा भागात, कधी कोल्हापूरकडे, त्यांची अनेक वर्षे गेली आहेत. आम्ही ज्या रस्त्याकडे नकाशावर पाहत होतो, तो त्यांच्या पायाखालचा होता. कोणत्या फाट्यावर हातपंप चालू असतो, कोणत्या पेट्रोलपंपावर रात्री अंग टेकू देतात, कोठे कारखान्याच्या वळणावर ट्रॅक्टर एकदम आडवे येतात, हे त्यांनी बोट ठेवून सांगितले. मग म्हणाले, "दिवस मावळला की रस्ता ट्रॅक्टरचा. मागं दिवा नसतो. तुमी तवर मुक्कामाला लागा." आम्ही ज्या काळात निघणार तो गाळपाच्या ऐन भराचा काळ आहे. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून अंधारात उभ्या असतात, आणि त्या मागून येणाऱ्याला दिसत नाहीत. त्या दिवशीच ठरले की, सूर्यास्तापूर्वी एक तास आधी सायकली भिंतीला लागल्या पाहिजेत.

ते गेल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. तीच वाट, तोच महिना. आम्ही पाच महिने आखणी करीत आहोत. त्यांची आखणी मुकादमाच्या एका निरोपाने ठरते. आमच्या सामानात औषधांची पिशवी आहे. त्यांच्या सामानात भांडी, सरपण आणि पुष्कळदा पाठीवरचे मूल असते. आपल्या धर्मग्रामातील काही बाके दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत रिकामी दिसतात, त्याचे कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. आमचा प्रवास त्यांच्या प्रवासाशी बरोबरी सांगू शकत नाही. ज्यांना परतण्याची तारीख आपल्या मनाने लिहिता येते, त्यांच्या प्रवासालाच सहल म्हणतात. एवढे ध्यानात ठेवून निघावे, आणि वाटेत आपल्याकडील कुणी फडावर भेटल्यास त्यांच्या पालापाशी थांबून नाताळच्या शुभेच्छा देऊन पुढे जावे, असे वहीत लिहून ठेवले आहे.

सामानाची यादी मात्र दर आठवड्याला आखूड होत गेली. प्रत्येकी दोन जोड कपडे, एक स्वेटर, एक पातळ चादर. चौघांत मिळून एक हातपंप, पान्ह्यांचा संच, चेनचा जादा तुकडा, पंक्चर काढण्याचे साहित्य. ट्यूब मात्र प्रत्येकाची स्वतंत्र, कारण सायकलींच्या चाकांची मापे निरनिराळी आहेत. सामान पाठीवर न घेता मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितके खाली बांधायचे. वजन खाली राहिले की सायकल डोलत नाही. टायरमध्ये हवा किती असावी हे टायरच्या अंगावरच छापलेले असते, ही गोष्ट पन्नास वर्षे सायकल चालवून आम्हाला आता कळली. फिटर मित्राने प्रत्येकाकडून मागचे चाक काढून, ट्यूब बदलून, पुन्हा बसवून घेतले. सरांना प्रथम पाऊण तास लागला. आता पंधरा मिनिटे लागतात. मुलाबाळांनी मोबाइलवर नकाशे भरून दिले आहेत. ते उपयोगी आहेतच. पण कोणत्या विहिरीचे पाणी गोड, हे त्यांत नाही.

पैशांचा विषय मैत्रीत नाजूक असतो. माणशी रोजचे ६०० रुपये धरले तर चौदा दिवसांचे चौघांचे ३३,६०० रुपये होतात. सरांना निवृत्तिवेतन आहे. शेतकऱ्याच्या हाती नोव्हेंबरात रोख रक्कम नसते, आणि यंदा तर त्याने गहूही कमी केला आहे. त्याने स्वतःच तोड काढली. पहिल्या चार दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे आणि गूळ त्याच्या घरून येणार, आणि त्याची किंमत तो सांगेल ती वहीत लिहिली जाणार. त्याने सांगितलेली किंमत सरांना कमी वाटली, त्यावरून अर्धा तास वाद झाला. पाच महिन्यांतला हा एकच वाद असा की, ज्यात दोन्ही बाजू स्वतःच्या तोट्यासाठी भांडत होत्या.

गेल्या महिन्यात आम्ही दौलताबादवरून खुलताबादपर्यंत सराव केला. तेथे एक निराळाच प्रश्न उभा राहिला. वारा फोडण्यासाठी पुढे बळकट माणूस हवा. मागच्याचे श्रम त्यामुळे बरेच वाचतात. पण बळकट माणूस पुढे असला की नकळत वेग वाढतो. घाटाच्या पहिल्याच वळणावर शेतकरी मित्र वीस-पंचवीस हात पुढे निघून गेला, आणि त्याला हाका मारण्यात मागच्याचाच दम गेला. दौलताबादला परतल्यावर चहाच्या टपरीवर नियम झाला. शेतकरी पुढे, फिटर दुसरा, सर तिसरे, वहीवाला शेवटी. वेग दुसऱ्या सायकलीचा. तिची घंटी एकदा वाजली की सर्वांनी हळू व्हायचे, दोनदा वाजली की सर्वांनी उतरायचे. घंटी का वाजविली, हे कुणी विचारायचे नाही. आणि एखाद्या दिवशी त्याला बसने जावे लागलेच, तर एक जण त्याच्याबरोबर बसने जाईल, दोघे सायकलीने येतील, आणि चौघे भेटल्याशिवाय पुढचा दिवस सुरू होणार नाही. "तुम्ही व्हा पुढं," हे वाक्य या प्रवासात वर्ज्य आहे.

हा नियम कागदावर उतरवून आम्ही वहिनींना नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, काही बोलल्या नाहीत. गेल्या रविवारी मिस्सेनंतर त्या कडुनिंबाखाली आल्या. त्यांच्या हातात जाड कापडाच्या, स्वतः शिवलेल्या दोन सारख्याच लहान पिशव्या होत्या. दोन्हींत चौदा दिवसांची तीच औषधे, त्याच क्रमाने, दिवसांची नावे घालून ठेवलेली. एक पिशवी त्यांनी यजमानांच्या हातात दिली. दुसरी शेतकरी मित्राच्या सायकलीच्या कॅरिअरला बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही तुमच्याकडं. घंटी ऐकू येईल एवढंच अंतर ठेवा."